शिलेदार, बारगीर आणि सामाईक बंदूक

मराठी भाषेने 'शिलेदार' या शब्दावर जेवढे प्रेम केले, तेवढे 'बारगीर' या शब्दाच्या वाट्याला आले नाही. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो बारगीर. फारसीतील 'सिलाह' म्हणजे शस्त्र, आणि ते बाळगणारा तो सिलाहदार. आज सत्कार समारंभात कोणीही 'मराठीचा शिलेदार' होतो. 'मराठीचा बारगीर' म्हणवून घेण्यास कोणी राजी होईल असे वाटत नाही. वास्तविक शिवकालीन फौजेचा भरवसा पागेवर, म्हणजे बारगिरांवर अधिक होता, आणि शिलेदार पागेच्या हुकमतीखाली राहतील अशी व्यवस्था होती, हे सभासदाच्या बखरीच्या वाचकांस ठाऊक आहेच. ज्याचे हत्यार स्वतःचे, त्याची मर्जीही स्वतःची, हे त्या राज्यकर्त्याने पुरते ओळखले होते.

हा जुना भेद आम्हास आठवला तो एका अगदी अर्वाचीन प्रश्नाच्या निमित्ताने. नेमबाजीच्या क्लबात एकच रायफल दिवसभरात आठ-दहा हातांतून फिरते. कायद्याच्या दृष्टीने ती कोणाची? परवाना कोणाच्या नावे? आणि ज्याच्या नावे परवाना नाही, त्याने ती खांद्याला लावली तर तो गुन्हेगार का ठरत नाही? प्रश्न वकिली आहे खरा, पण त्याच्या पोटात दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मराठी माणसाचा वाटा थोडाथोडका नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'परवाना' हा शब्द आपण फारसीतून घेतला तो राजाज्ञेच्या अर्थाने. उर्दू शायरीत हाच शब्द दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगाचे नाव होऊन बसला, ती गोष्ट वेगळी. आपल्या दफ्तरांत मात्र परवाना म्हणजे सरकारने एका माणसास, एका कामासाठी दिलेली मोकळीक. 'सामाईक' हा शब्द याच्या नेमका उलट दिशेचा. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक वाट. सातबाराच्या उताऱ्यावर हा शब्द आला की पाळ्या आल्या, भांडणे आली आणि बहुधा कोर्टही आले. परवाना एकाचे नाव मागतो आणि सामाईकपण ते नाव पुसते. 'सामाईक बंदुकीचा परवाना' हा म्हणूनच शब्दांतलाच विरोध आहे, आणि तो मिटवण्यासाठी कायद्याला बरीच कसरत करावी लागली.

१८५७ च्या उठावानंतर सरकारने हत्यारे काढून घेण्याचा सपाटा लावला. १८६० साली त्यासाठी कायदाही झाला. परंतु आपल्या स्मृतीत रुतून बसला तो लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ चा हत्यारांचा कायदा. देशी भाषांतील वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदाही त्याच वर्षीचा. वाङ्मयाचे विद्यार्थी दुसऱ्या कायद्याविषयी वाचतात आणि पहिला इतिहासाच्या वर्गासाठी सोडून देतात, ही वाटणी आम्हास फारशी पटत नाही. लेखणी आणि बंदूक यांविषयी एकाच सरकारने एकाच वर्षी व्यक्त केलेला तो एकच अविश्वास होता. फरक पुढे पडला. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली रद्द केला. हत्यारांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे तसाच राहिला.

या कायद्याचा खरा डंख कलमांपेक्षा त्याच्या सवलतींत होता. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना परवान्याच्या बंधनातून नियमांनी सूट दिली होती. म्हणजे एकाच गावातील दोन गृहस्थांपैकी एकास बंदुकीसाठी जिल्हाधिकाऱ्याच्या दारी उभे राहावे लागे आणि दुसऱ्यास नाही. वंशावर उभी असलेली ही सूट पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांत निघाली, परंतु तोवर तिने आपले काम केले होते. स्वयंसेवक रायफल दलांची कथा तीच. मुंबईपासून रेल्वेच्या वसाहतींपर्यंत अशी दले होती. त्यांची शस्त्रे दलाच्या कोठारात असत, सदस्य ठरल्या वेळी येऊन नेमबाजीचा सराव करीत, चषक जिंकीत आणि संध्याकाळी घरी जात. सामाईक बंदुकीचा आधुनिक नमुना हिंदुस्थानात आला तो येथे, आणि एतद्देशीयांना त्याचे दार व्यवहारतः बंद होते. १८८६ च्या कोलकाता काँग्रेसमध्ये हिंदी लोकांना स्वयंसेवक दलांत घ्यावे अशी मागणी झाली, आणि १८८७ साली मद्रास येथे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली हत्यारांच्या कायद्यात दुरुस्ती मागणारा ठराव झाला. या दोन मागण्या आपण वेगवेगळ्या वाचतो. आमच्या मते त्या एकमेकींना पूरक होत्या: एक शिलेदाराच्या वतीने, दुसरी बारगिराच्या.

सरकारला मात्र अनेक हातांतून फिरणाऱ्या बंदुकीचे एकच रूप दिसत होते, ते म्हणजे कट. त्याला निमित्तही मिळाले. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून गुप्तपणे पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक हातोहात नाशिकला पोचले, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी ते झाडले. ते पिस्तूल संघटनेचे होते. कोणाही एकाचे नव्हते. मराठी नाट्येतिहासात हा प्रसंग देवलांच्या नाटकाशी जोडून सांगितला जातो. आम्हास येथे त्याची दुसरी बाजू नोंदवायची आहे. ज्या बंदुकीमागे एकाच माणसाचे नाव नाही ती धोक्याची, ही धारणा अशा घटनांनी शासनाच्या मनात पक्की केली, आणि एका बंदुकीमागे एक नाव हा परवान्याचा मूळ हिशेब अधिकच घट्ट झाला. तालमीतील मुद्गल आणि करेले सर्वांचे असतात, त्यांच्याविषयी कोणी विचारत नाही. बंदुकीची तालीम मात्र असू शकते, हे सरकारच्या डोक्यात येणे कठीण होते.

स्वातंत्र्याच्या चळवळीने या विषयात घेतलेली वळणे मोठी मनोरंजक आहेत. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनी १९३० च्या जानेवारीत व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत, स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली द्यावेत ही एक मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावाने तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला. मग राज्यघटना लिहिण्याची वेळ आली. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती सुचवली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. ज्यांच्या हाती शस्त्र जाऊ नये अशा समाजकंटकांनाही मग हा हक्क नाकारता येणार नाही, हा त्यांच्या युक्तिवादातील मुख्य धागा. आज एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख आहे, पण तो 'शांततेने व विनाशस्त्र' एकत्र जमण्याच्या हक्कात. सतरा वर्षांपूर्वी जे हक्क म्हणून मागितले, तेच अट होऊन आले. सत्तेच्या अलीकडे आणि पलीकडे उभे राहून बंदूक वेगवेगळी दिसते, एवढाच आरोप करून येथून पुढे जाता येईल. पण फाळणीचा रक्तपात नुकताच पाहिलेल्या त्या सभागृहावर तो आरोप आम्ही करणार नाही.

शस्त्राचा हक्क गेला, तो क्रीडेच्या दाराने अंशतः परत आला. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि तिचे संस्थापक-अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. दादासाहेब मूळचे कोकणातील घराण्याचे, कर्मभूमी अहमदाबाद, पेशाने वकील आणि वृत्तीने गांधीजींचे अनुयायी. बंदुकीच्या संघटनेचा अध्यक्ष हा शिकारी संस्थानिक असता तर कोणास नवल वाटले नसते. तो एक सत्याग्रही वकील असावा हे लक्षणीय आहे. मावळंकर १९५६ साली निवर्तले. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी समजली जाते, आणि ती पायरी चढणाऱ्या कित्येक मुलांना हे मावळंकर कोण हे सांगता येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

त्या काळी नेमबाजी हा संस्थानिकांचा खेळ होता, हे समीकरण अर्धेच खरे. बिकानेरचे महाराज करणी सिंह यांचे नाव सर्वांस ठाऊक असते. १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. पण त्यांच्याही आधी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताकडून नेमबाजीत उतरले ते हरिहर बॅनर्जी आणि सौरेन चौधरी हे दोघे बंगाली. संस्थानिकाच्या वाड्यात बंदुकांची भिंत असते. ज्याच्या घरी ती भिंत नाही, त्याला क्लबाचे कपाटच हवे.

आता कायद्याच्या मजकुराकडे येऊ. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि त्याने १८७८ चा कायदा संपवला. त्यातील तेराव्या कलमाचे तिसरे उपकलम भाषेच्या अभ्यासकाने एकदा तरी वाचावे. परवान्यासाठी अर्ज आला की अधिकाऱ्याने काय करावे, हे तेथे दोन भागांत सांगितले आहे. सर्वसाधारण बाबतीत अर्जदारापाशी पुरेसे कारण आहे याची अधिकाऱ्याने खात्री करून घ्यायची आहे. परंतु केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबाचा सदस्य नेमबाजीच्या सरावासाठी शस्त्र मागत असेल, तर कारणाची ती चाचणी नाही; नाकारण्याची कलमे आड येत नसतील तर परवाना द्यायचा आहे. म्हणजे क्लबाचे सदस्यत्व हेच कारण. एकट्या माणसाला 'कशासाठी?' असे विचारणारा कायदा, त्याच माणसामागे संस्था उभी राहिली की तो प्रश्न मागे घेतो. १८७८ च्या कायद्याला समूह म्हणजे कट दिसत होता. १९५९ च्या कायद्याला समूह म्हणजे जामीन दिसला. या दोन कायद्यांतले खरे अंतर आमच्या मते येथे आहे.

तिसरे कलमही असेच. परवान्याशिवाय कोणीही अग्निशस्त्र जवळ बाळगू नये, हा त्याचा गाभा. परंतु परवानाधारकाच्या उपस्थितीत, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानुसार, दुसऱ्याने त्याचे शस्त्र दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्या वापरासाठी नेण्यास तेथे वाव ठेवला आहे. हा वाव फार अरुंद आहे. मित्राची बंदूक मित्राने सहज चालवून पाहावी, एवढे तो देत नाही. क्लबाचे काम निराळ्या मार्गाने चालते: संस्थेच्या नावे परवाना, शस्त्रे कुलपात, सदस्याने मैदानाच्या हद्दीत आणि जबाबदार माणसाच्या नजरेखाली ती वापरायची, काडतुसांचा हिशेब वहीत. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे नसावीत असे ठरवले, तेव्हाही मान्यताप्राप्त क्लबाच्या ज्या सदस्यांचा सराव पॉइंट बावीस किंवा एअर रायफलवर चालतो त्यांना त्या मर्यादेतून वगळले. २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच होती.

आम्हा महाविद्यालयीन शिक्षकांच्या डोळ्यांसमोर सामाईक बंदुकीचे आणखी एक उदाहरण रोज असते आणि आम्ही त्याकडे त्या दृष्टीने पाहत नाही. राष्ट्रीय छात्रसेना. अधिनियमाचे पंचेचाळिसावे कलम १९४८ च्या कायद्याखाली उभारलेल्या छात्रसेनेच्या सदस्यास, तो आपल्या कर्तव्यावर असताना, या सगळ्या बंधनांबाहेर ठेवते. शिबिरात पॉइंट बावीसची गोळी झाडून आलेली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कान अजून गुणगुणतो म्हणून सांगणारी मुलगी देशातील एका कडक कायद्याच्या अपवादात उभी राहून आलेली असते. अंजली भागवत यांची वाट मुंबईच्या महाविद्यालयातील छात्रसेनेतूनच सुरू झाली आणि वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये ती रुंदावली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोचल्या तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या जिद्दीविषयी पुष्कळ लिहिले. सरकारी आणि क्लबाच्या सामाईक रायफलीविषयी कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. बारगिराच्या घोड्याला बखरीत नाव नसते.

सामाईक शस्त्राविरुद्धचा आक्षेप मात्र हलका नाही. घरातील बंदुकीचे काय झाले याचा जाब एका माणसाला विचारता येतो. क्लबातील बंदुकीचा जाब समितीला विचारावा लागतो, आणि समितीला विचारलेल्या प्रश्नाचे आपल्याकडे काय होते, हे कोणत्याही संस्थेत काम केलेल्या वाचकास सांगायला नको. वहीत सही एकाची, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे, काडतुसे मोजणारा तिसराच, असे होऊ शकते. दुसऱ्या पारड्यात हेही घालावे लागते की क्लबाची बंदूक रात्री कोणाच्याच घरी नसते. रागाच्या भरात, दारूच्या नशेत किंवा नैराश्यात हात पोचेल असे ते ठिकाण नव्हे. आमचे मत या दुसऱ्या पारड्याकडे झुकते. किल्लीचा घोटाळा नियमाने सुधारता येतो. घरातल्या कपाटाजवळ रात्री दोन वाजता नियम उभा नसतो.

इंग्लंडने हा वाद टोकाला जाऊन पाहिला. तेथील १९८८ च्या कायद्याने मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सदस्याला, सदस्य या नात्याने नेमबाजी करताना, स्वतःच्या प्रमाणपत्राशिवाय शस्त्र हाताळण्याची मुभा दिली. म्हणजे बारगिराची रीतसर नोंद झाली. मग १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावात एका माणसाने शाळेत शिरून सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका यांना ठार केले. त्याची पिस्तुले परवान्याची होती आणि ती त्याच्या घरी होती. न्यायमूर्ती कलन यांच्या चौकशीनंतर १९९७ मध्ये जो पहिला कायदा झाला, त्याने मोठ्या बोअरची पिस्तुले बंद केली, पण पॉइंट बावीसची पिस्तुले परवानाप्राप्त क्लबात ठेवली तर चालतील अशी तडजोड केली. शिलेदारी संपवून पागा ठेवण्याचाच तो प्रयत्न होता. तो पुरता अमलात येण्याआधीच सरकार बदलले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या कायद्याने ती तडजोडही मोडली. परिणामी ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले, आणि २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेसाठी सरकारला खास परवानगीची व्यवस्था करावी लागली. सोळा मुलांच्या आईबापांसमोर खेळाची बाजू मांडण्याचे धाडस आम्हास नाही. तरी इतके वाटते की सामाईक कपाटाची ती तडजोड काही वर्षे चालवून पाहिली असती, तर आज जगाकडे या वादात एक खरा पुरावा असता. तो प्रयोग झालाच नाही.

आपल्याकडे अलीकडच्या नियमांचा कल मात्र पुन्हा शिलेदाराकडे आहे. २०१६ च्या नियमांनी ठरावीक शक्तीच्या आतील, पॉइंट एकशे सत्त्याहत्तर बोअरच्या एअर रायफलला परवान्यातून मोकळे ठेवले, म्हणून दहा मीटरचा सराव गल्लीतल्या सभागृहातही करता येतो. हे चांगलेच झाले. २०२० च्या फेब्रुवारीतील अधिसूचनेने आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या आणि नामांकित नेमबाजांना सूट म्हणून बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या बारापर्यंत नेली. त्यांना ती लागतात, यात शंका नाही. पण दहा मीटरवरून पन्नास मीटरवर जाणाऱ्या, अजून नामांकित न झालेल्या मुलाचे काय? कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोनचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक आणले. या प्रकारातील परदेशी बनावटीची रायफल आणि तिची काडतुसे यांचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. नेमबाज घडण्याच्या पहिल्या वर्षांत हा भार क्लब, क्रीडा प्रबोधिनी किंवा छात्रसेना यांपैकी कोणीतरी उचलावा लागतो.

आणि वयाचा प्रश्न तर याहून मुळाशी आहे. नवव्या कलमानुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीने अग्निशस्त्र बाळगता कामा नये. मूळ कायद्यात ही मर्यादा सोळा होती, १९८३ ला ती वाढली. त्याच कलमात पुढे, विहित वय पूर्ण केलेल्या मुलामुलींना प्रशिक्षणाच्या ओघात, विहित अटींखाली, विहित शस्त्र वापरता येईल अशी सूट आहे. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथे अनीश भानवाला या मुलाने पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तुलाचे राष्ट्रकुल सुवर्णपदक घेतले, तेव्हा त्याचे वय पंधरा होते. एकविसाव्या वर्षाच्या सर्वसाधारण मर्यादेला त्याला अजून सहा वर्षे अवकाश होता.